रॉकेलच्या डब्यातल्या वड्या

आमच्याकडे भट्टी नव्हती. होता तो रॉकेलचा रिकामा डबा, तीन दगड आणि टोपलीभर कोळसा. एवढ्या सरंजामावर मी हिंगोलीत बरीच वर्षं लोकांना फळांच्या वड्या भाजून दिल्या, असं सांगितलं तर माझ्या नातसुनेला खरं वाटत नाही. तिच्याकडे विजेवर चालणारी भट्टी आहे. परवा कुठल्याशा मासिकात वाचून तिनं वड्या केल्या आणि मला चाखायला दिल्या. मी एक घास घेतला आणि हात तसाच राहिला. वर भुसभुशीत चुरा, मध्ये पेरू, खाली खुसखुशीत थर. अगं, हीच की ती! म्हटलं, "ही तर मी निजामाच्या राज्यात करत होते." ती म्हणाली, "आजी, काहीही हं तुमचं!" मग मला राग आला. रागात माणूस खरं लिहितं म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

माझे यजमान जुन्या छावणीकडच्या सरकारी बंगल्यावर चौकीदार होते. दौऱ्यावरचे साहेब लोक तिथं उतरत. स्वयंपाकाला रहीमचाचा नावाचे म्हातारे खानसामा होते. यजमान तापानं गेले तेव्हा माझी लेकरं हाताएवढी होती. चौकीदारी दुसऱ्याला मिळाली, पण रहीमचाचांनी मला बंगल्यावर भाजी निवडायला, फळं सोलायला बोलवायला सुरुवात केली. साहेबांना जेवणानंतर जो गोड पदार्थ लागे, त्यात चाचांचा हा चुरा असायचा. पाहून पाहून मी एकदा म्हणाले, "चाचा, हे मला शिकवा." ते माझ्याकडे बघतच राहिले. हिंदू बाई आपल्याकडून रांधणं शिकते म्हणते, यावर त्यांचा विश्वास बसेना. मग म्हणाले, "सिकाऊंगा बेटी. पन येक शर्त. आटा गूंदना नक्को."

ती एक अट पाळायला मला महिना लागला. आपल्या बायकांच्या हाताला पीठ लागलं की हात आपोआप मळायला लागतो. लहानपणापासून दुसरं काही केलंच नसतं ना! मी मळून टाकायची, चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे आणि ती दगडासारखी वडी बंगल्याचा माळी निमूटपणे खायचा.

वडी कशी होते ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, साखर आणि थिजलेलं तूप. तूप पातळ असून चालत नाही. हे सगळं बोटांच्या टोकांनी चोळायचं. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोट लावलं तर सुटावा, इतपत. पाणी नाही, दूध नाही. यातला मोठा वाटा चौकोनी ताटात दाबून बसवायचा, त्यावर साखरेत आटवलेलं फळ पसरायचं. हिवाळ्यात पेरू नाहीतर बोरं, उन्हाळ्यात आंबा, पावसाच्या तोंडावर करवंदं. उरलेला चुरा वरून नुसता सोडायचा आणि मग त्याला हातही लावायचा नाही. डबा आडवा करून दगडांवर ठेवायचा, आत वाळूचा थर, वाळूवर ताट, तोंडाला पत्र्याचं झाकण. खाली निखारे, आणि डब्याच्या पाठीवरही निखारे. आच बरोबर आहे का हे पाहायला चिमूटभर पीठ आत टाकून बघायचं. पीठ बदामी झालं तर ताट ठेवायचं, काळं झालं तर निखारे ओढायचे. भाजून झालं की पुरतं निवू द्यायचं आणि मगच कापायचं. गरम असताना सुरी लावलीत तर ताटात शिरा राहतो.

पहिला डबा मी राखेनं घासला, नुसता जाळला, पुन्हा घासला, तरी पहिल्या घाण्याला रॉकेलचा वास आलाच. रहीमचाचांनी ती वडी अख्खी खाल्ली आणि म्हणाले, "अच्छी है, बत्ती लावल्यासारकी." त्यानंतर मी तो डबा महिनाभर चुलीमागे पालथा ठेवून तापवत राहिले, तेव्हा कुठे वास गेला.

धंद्याची रीत साधी होती. सामान गिऱ्हाइकाचं, हात, विस्तव आणि फळ माझं. पीठ, तूप, साखर घरचीच असली की कोणालाही खायला अडचण नसे. ईदेच्या आधी मोमिनपुऱ्यातल्या बायका डबे घेऊन येत, दिवाळीच्या आधी पेठेतल्या. प्रत्येकीचं तूप वेगळं ठेवायचं. एकीचं दुसरीच्यात गेलं तर जन्माचं वैर. गल्लीत एक सोवळ्याच्या आजी होत्या. त्यांना माझं ताट चालेना. त्यांनी स्वतःचं ताट करवून आणलं, डब्यात बरोबर बसणारं. बाजारातले पत्रा कापणारे सगळे मोमिनपुऱ्यातले, हे सगळ्या हिंगोलीला ठाऊक होतं, पण आजींनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हळदीचे एक व्यापारी होते. त्यांनी वड्या पाहिल्या आणि भडकले. "ही तर सगळी वरून फुटली! आमचं येवढं तूप वाया घातलं की बाई तुमी!" मी सांगायच्या आत त्यांनी वरचा चुरा तळहातानं सपाट दाबला आणि म्हणाले, "हे बघा, असं करावं." पुढच्या खेपेला मीच त्यांना तसं दाबून दिलं. त्यांनी वाखाणलं. कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या बेगमेचं उलटं. त्या वरचा चुरा तेवढा खायच्या आणि खालचे तळ नोकराबरोबर परत पाठवायच्या, की ह्यावर पुन्हा चुरा घालून द्या. अशी माणसं. जर्मनची लढाई सुरू झाली आणि साखर मिळेनाशी झाली तेव्हा मी गूळ वापरून पाहिला, आणि ताटातून वड्या काढायला मला उलथन्याऐवजी विळा घ्यावा लागला.

अठ्ठेचाळीस सालापर्यंत हे चाललं. त्या वर्षी गावावर काय काय आलं ते लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. राज्य बदललं, बंगल्यावरचे साहेब बदलले, रहीमचाचा त्याआधीच अल्लाघरी गेले होते, आणि मी थोरल्याकडे नांदेडला राहायला आले. पण मला ज्या दिवसाची आजही धडकी भरते तो त्याआधीचा. लढाई संपत आली होती तेव्हाचा.

आमच्या भिंतीला भिंत लागून मारोतीभाऊंचं घर. हळदीच्या अडतीवर ते मापाडी होते. पोती तोलायची आणि तोंडानं मोजत राहायचं, असं काम. बायको रखमाबाई. बोलणं कमी, इतकं कमी की गल्लीतल्या नव्या सुनांना ती मुकी वाटायची. त्यांना एकच मुलगी, गिरजा. उंच, सावळी, सतरा-अठराची. त्या काळच्या मानानं थोराडच. तिला दोन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले होते आणि दोन्हीकडून निरोप आला नव्हता. निरोप न येणं हाच निरोप, हे सगळ्यांना समजतं.

गिरजा दोन हिवाळे माझ्याकडे येऊन बसत होती. तिचे हात जात्याच थंड. तूप चोळायला असे हात हवेत, नाहीतर बोटांच्या उबेनंच तूप सुटतं आणि चुऱ्याचा गोळा होतो. रहीमचाचांनी एकदा तिला चोळताना पाहिलं आणि मला म्हणाले, "ये पोरीके हातां देखो. तुमकू महिना लगा था." मला जरा लागलं, पण खरं होतं. ती फारसं बोलायची नाही. गुणगुणायची. मी माझी रडगाणी सांगायची, ती ऐकायची. तिनं स्वतःचं कधी काही सांगितलं का, असं आता कोणी विचारलं तर मला एक वाक्य आठवत नाही.

एका सकाळी मारोतीभाऊ हातात तुपाचा गडवा घेऊन दारात उभे. चेहरा असा फुललेला की मी आधी बघतच राहिले.

"ताई, कळमनुरीकडचे पाव्हणे येऊन राहिले परवा. गिरजेला पाहायला. तुमची ती चुऱ्याची वडी पायजे. चांगली झोकदार करा."

"कोण पाव्हणे?"

"विठ्ठलराव म्हणून हायत. काळीची जमीन, बारमाही विहीर, दोन बैलजोड्या. कारभारीण गेली त्यांची मागल्या साली. तीन लेकरं हायत. पर हुंडा एक पैसा न्हाई मागत. अशी जागा पुन्हा मिळणार हाय का?"

"वय काय?"

"गड्याचं वय काय पाहायचं असतं, ताई? चाळिशीचे असतील. यंदा न्हाई जमलं तर पोरगं घरातच राहील माझं."

मी म्हणाले, "चांगलं झालं, भाऊ." आणि गडवा घेतला. साखर त्यांनी कशीबशी जमवली होती, पुडी मऊ कापडात बांधून आणली होती. पाहुण्यांसाठी खास म्हणून मी ठरवलं की वरच्या चुऱ्यावर गोडंबी पेरायची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीच्या आतला गर. चारोळीसारखा लागतो, थंडीच्या लाडवांत घालतात. पण तो फोडून काढणाऱ्याचे हात बघावेत. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात.

बिब्बा कोणाला मानवतो, कोणाला थोडा उततो म्हणजे चार फोड येतात, आणि कोणाला इतका उततो की झाडाखालून गेलं तरी अंग सुजतं. गिरजा तिसऱ्यातली. लहानपणी तिच्या पायात काटा मोडला तेव्हा आत्यानं बिब्बा तापवून टाचेला लावला होता, आणि पोरगी आठ दिवस अंथरुणाला होती. गल्लीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. म्हणून गोडंबी मी बाजारातून घेतली ती साफ, वाळलेली, राखेत चोळून धुतलेली. तीन दुकानं हिंडून घेतली. तरीही गिरजेला म्हणाले, "वरचं मी पेरते, तू लांब राहा."

आदल्या दिवशी सकाळीच आम्ही भाजायला बसलो. गिरजेनं चुरा चोळला, नेहमीपेक्षा सावकाश. मी घरात पेरू आटवत होते. ती मागल्या अंगणातून म्हणाली, "मावशी, निखारे मी घालते. तुमी पेरू बघा, लागंल खाली." पेरू पसरून, वर चुरा आणि गोडंबी घालून मी ताट आत ठेवलं आणि घरात आले. थोड्या वेळानं मला कसला तरी उग्र, तेलकट वास आला.

"काय जळून राहिलं गं?"

"कोळसाच ओला हाय, मावशी."

मी दारातून डोकावले. ती डब्यावर पार वाकली होती आणि पाठीवरच्या निखाऱ्यांना फुंकत होती. धूर तिच्या तोंडावर येत होता. मी म्हणाले, "अगं, डोळे जातील! फुंकणी घे." ती हसली आणि फुंकतच राहिली. वड्या झकास उतरल्या. मी त्या निवायला ठेवल्या आणि तिला घरी पाठवलं, की जा, उद्या पाहुणे आहेत, डोकं धू.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाबाईची किंकाळी ऐकली. ज्या बाईचा आवाज मी वर्षानुवर्षं नीट ऐकला नव्हता तिची किंकाळी. मी पळत गेले.

अंथरुणावर जी बसली होती तिला मी ओळखलं नाही. खरंच सांगते, मी विचारलं, "गिरजा कुठाय?" चेहरा भोपळ्याएवढा सुजलेला, डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा, ओठ पालथे पडलेले, कान जाड, गालांवर पाण्यानं भरलेले फोड. कातडी लालबुंद. मी दाराची चौकट धरली. डोळे वाचले, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पण त्या क्षणी ते वाचतील असं आमच्यातल्या कोणालाच वाटलं नव्हतं.

रखमाबाई खोबरं आणि तीळ वाटत होती. बिब्बा उतला की हाच लेप लावतात. ती पुटपुटत होती, "बिब्बा उतला. घरात बिब्बा न्हाई. कुठून आला?" मारोतीभाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होते. पाहुण्यांना थांबवायचं तर वेळ राहिला नव्हता. ते पहाटेच बैलगाडीनं निघाले असणार.

माझ्या डोक्यात एकच आलं. गोडंबी! माझीच गोडंबी! मी धावत घरी आले. वडीवरची गोडंबी काढून नखानं चिरली, मनगटावर घासली, दातानं फोडून पाहिली. कोरडी, पांढरी, स्वच्छ. तिच्यात काही नव्हतं. मग मी मागल्या अंगणात गेले. डब्याच्या पाठीवरची राख अजून तशीच होती. काडीनं उकरली, तर आत अर्धवट जळालेले काळे दाणे. बिब्बे. एक नाही, चांगली मूठभर. त्यांचं तेल उकळून पत्र्यावर काळ्या थेंबांनी चिकटलं होतं.

निखारे कोणी घातले होते? तिनं. फुंकत कोण होतं? ती. काट्याकुट्याला असावेत म्हणून कोनाड्यात एका डबीत मी बिब्बे ठेवत होते. उठून डबी उघडली. रिकामी. एखादी मुलगी स्वतःचं तोंड असं जाणूनबुजून विस्तवावर धरते? ज्या गोष्टीनं ती लहानपणी मरता मरता वाचली, तीच गोष्ट ती उचलून आणते आणि वरून फुंकत बसते? मला ते कळेचना. आजही नीट कळत नाही.

वड्यांना तो धूर लागला होता. पाहुण्यांना द्यायचा प्रश्नच नव्हता. मी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून सगळं ताट त्यात ओतलं, कुत्र्यानंही खाऊ नये म्हणून वर दगड ठेवला, आणि पुन्हा शेजारी गेले. रखमाबाईला म्हणाले, "आणखी तीळ वाटा." ती चुलीकडे गेली तशी मी गिरजेच्या कानाशी वाकले.

"गिरजे, हे काय केलंस?"

तिला बोलता येत नव्हतं धड. ओठ हलत नव्हते. "बोलू नका कोणाला, मावशी. पाव्हणे पाहतील, उठून जातील. मंग उतरंल हे."

"अगं, डोळे गेले असते तर?"

"मंग तर कोणीच न्हाई आलं असतं."

ती हे रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली, हिशेब करून ठेवल्यासारखी.

पाहुणे दुपारी आले. विठ्ठलराव आणि त्यांची थोरली बहीण, तिला ते आक्का म्हणत. विठ्ठलराव पांढरं धोतर, डोईला रुमाल, कानांवरचे केस पिकलेले. ओसरीवर घोंगडीच्या कडेला बसले. पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तसाच ठेवला. मारोतीभाऊंनी हात जोडून सांगितलं, की असं असं झालंय, पोरीला बिब्बा उतलाय, आज तोंड दाखवण्यासारखं नाही. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होते. मनात म्हणत होते, चला, आता उठतील. पोरगी जिंकली.

आक्का म्हणाल्या, "येवढ्या दुरून आलो, पाहून तरी जाते." त्या आत गेल्या. आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि भावाला म्हणाल्या, "बिब्बाच हाय. आठा-पंधरा दिसांत उतरंल. हाडापेरानं पोरगी मजबूत हाय, हात कामाचे हायत. आमाला पसंत हाय. तारीख काढा."

माझ्या हातातली ताटली कलली आणि पोहे खाली सांडले. मारोतीभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते आक्कांच्या पाया पडायला वाकले. दोन ठिकाणच्या लोकांनी धडधाकट मुलगी पाहून नाकारली होती, आणि ह्यांनी ते सुजलेलं तोंड पाहून होकार दिला! मी आतल्या दाराकडे पाहिलं.

मग आक्कांनी सहज विचारलं, "पर भाऊ, पोरीला बिब्बा सोसत न्हाई म्हंता, मंग लागला कुठून?"

मारोतीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ दाबलेलं सगळं वर आलं. "कुठून काय! ह्या बाईच्या डब्यापाशी बसली होती काल. हिनं आणली गोडंबी! सगळ्या गल्लीला ठाव हाय गिरजेला बिब्बा सोसत न्हाई, हिला न्हाई ठाव? दोन साल माझं लेकरू फुकट राबवलं अन् आता त्याचं तोंड जाळलं! म्या सांगतो गावात, ह्या बाईच्या हातचं कोणी खाऊ नका!"

फुकट राबवलं! मी तिला दर घाण्यामागं वाटा देत होते, दर दिवाळीला लुगडं घेत होते. आणि मारोतीभाऊ हे अडतीवर बोलले असते तर संध्याकाळपर्यंत हिंगोलीभर झालं असतं. ज्या धंद्यात लोक घरचं तूप तुमच्या भरवशावर सोडून जातात, त्या धंद्यात एवढं पुरतं. माझी लेकरं त्या डब्यावर जगत होती. राखेतले जळके बिब्बे मी फडक्यात बांधून कमरेला खोचले होते. ते काढून त्यांच्यापुढे टाकायचे, बस्स. माझा हात कमरेशी गेला होता.

"मावशीला काई बोलू नका, बाबा."

दारात गिरजा उभी होती. एका हातानं भिंत धरलेली, चेहऱ्यावर तीळ-खोबऱ्याचा लेप, डोळे मिटलेले. परक्या पुरुषापुढे, डोक्यावर पदर नाही. रखमाबाई मागून तिला ओढत होती, पण ती हलली नाही.

"मावशीचा दोष न्हाई. बिब्बे म्याच घातले विस्तवात. म्याच घेतला धूर. जाणून."

मारोतीभाऊ हात उगारून पुढे झाले. मी मध्ये पडणार तोच विठ्ठलराव उठले आणि त्यांनी मारोतीभाऊंचा हात धरला. जोर लावून नाही, नुसता धरला. ते आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार. अपमान झाला म्हणणार, पंचांत नेणार. आक्का तर केव्हाच चप्पल शोधायला लागल्या होत्या.

विठ्ठलराव गिरजेकडे वळले. चेहऱ्याकडे पाहवेना बहुतेक, म्हणून तिच्या पायांकडे बघत बोलले. आवाज इतका हळू होता की मला पुढे सरकावं लागलं.

"पोरी, येवढं काहून केलंस गं? माझी थोरली लेक तुझ्यापरीस दोन सालानं ल्हान हाय. मला नुसता निरोप धाडला असता, न्हाई म्हणून, तरी म्या आलो नसतो."

गिरजेनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. तिला काही दिसत नव्हतं.

"निरोप कोणाच्या हाती धाडू?"

ती हे टोचून नाही म्हणाली. तिनं खरोखरच विचारलं. जणू कोणी नाव सांगितलं असतं तर तिनं ते लक्षात ठेवलं असतं.

ओसरीवर आम्ही पाच मोठी माणसं होतो. तिचा बाप, तिची आई, विठ्ठलराव, त्यांची बहीण, आणि दोन हिवाळे तिला शेजारी बसवून आपलीच रडगाणी ऐकवणारी मी. ती थोडा वेळ तशीच थांबली, उत्तराची वाट बघत. मग ती भिंत चाचपत आत गेली.